चीनच्या वेशीवरची मोटरसायकल

2025 मध्ये आकुर्डीच्या बजाजने दिवाळखोरीत गेलेली ऑस्ट्रियाची केटीएम सावरायला पैसा ओतला आणि ती ताब्यात घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून आपल्याकडच्या बाइकवेड्यांत एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो. केटीएम बुडाली कशाने? एक पक्ष म्हणतो, चिनी भागीदाराच्या नादी लागली, स्वतःची विद्या फुकट देऊन बसली. दुसरा म्हणतो, चीनसारखी एकशेचाळीस कोटींची बाजारपेठ हाताशी असून तिथे गाड्या खपवता येत नसतील तर दोष विकणाऱ्याचाच. मग अमेरिकेच्या हार्लेचं नाव निघतं, इटलीच्या डुकाटीचं निघतं, शेवटी ‘चिनी लोक चोर’ आणि ‘गोरे लोक गर्विष्ठ’ या दोन वाक्यांवर गाडी येऊन थांबते.

मला हा वादच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे : चीन ही मोटरसायकलची प्रचंड बाजारपेठ आहे, आणि परदेशी कंपन्या तिथे जिंकल्या किंवा हरल्या. माझं म्हणणं असं की युरोप-अमेरिकेच्या गाड्यांसाठी चीन कधी बाजारपेठ नव्हताच. तो त्यांच्यासाठी कारखाना होता, थोडाफार हौशी लोकांचा क्लब होता. चीनने परदेशी मोटरसायकलला हाकललं नाही. मोटरसायकल या वस्तूलाच शहरातून हाकललं. हे एकदा लक्षात आलं की शोरूममधल्या विक्रीच्या आकड्यांवरून चाललेलं भांडण ‘बाजारात तुरी’ या म्हणीतल्या भटाभटणीचं वाटू लागतं.

आपल्याला हे चटकन पटत नाही, कारण पुण्यात राहणाऱ्या माणसाला दुचाकीविना शहर ही कल्पनाच करता येत नाही. पण बीजिंगने 1980च्या दशकाच्या मध्यापासून शहरी नंबरप्लेट देताना हात आखडता घेतला. तिथे प्लेटचे दोन प्रकार : ‘जिंग-ए’ आणि ‘जिंग-बी’. ‘बी’वाल्याला चौथ्या रिंगरोडच्या आत यायला मनाई. ‘ए’ प्लेट नव्याने मिळणं जवळपास बंद, त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांच्या प्लेटला सोन्याचा भाव. शांघायमध्येही तेच, शहरभर चालणारी प्लेट साध्या गाडीच्या किमतीच्या कित्येक पट पडते. ग्वांगझोऊने तर 1 जानेवारी 2007 पासून शहरात मोटरसायकल चालवायलाच बंदी घातली. कारणं दिली गेली ती अपघात, गर्दी, आणि धावत्या गाडीवरून पर्स-दागिने हिसकावणाऱ्या टोळ्या. न सांगितलेलं कारण असं की आधुनिक शहराच्या चित्रात प्रशासनाला मोटरसायकल बसत नव्हती. मोटरसायकल म्हणजे खेडूत, मोटरसायकल म्हणजे नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघणारा टॅक्सीवाला. शंभराहून अधिक शहरांनी या ना त्या स्वरूपात असे निर्बंध लावले. शियानने 2017 मध्ये ते सैल केले, ही बातमी ठरली, यावरूनच बाकीच्यांची कल्पना यावी.

त्यावर 2013 पासूनचा नियम : दुचाकी तेरा वर्षांची झाली की भंगारात. गाडी तुम्ही काचेच्या कपाटात ठेवली असेल, दर रविवारी मखमलीने पुसली असेल, तरी तेरा म्हणजे तेरा. आता हार्ले काय विकते? हार्ले विकते ती ‘माझ्या बापाची गाडी, पुढे माझ्या मुलाची’ ही भावना. जिथे गाडीला पिढी ओलांडण्याची कायद्यानेच परवानगी नाही, तिथे ही भावना कोणाला आणि कशी विकणार? देशाचा कायदा द्रुतगती महामार्गावर मोटरसायकलला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घालून जाऊ देतो, पण बऱ्याच प्रांतांनी तोही दरवाजा बंद ठेवला आहे. म्हणजे लाखो युआनची लांब पल्ल्याची गाडी घ्यायची, ती शहरात चालवायची नाही, महामार्गावर न्यायची नाही, आणि तेरा वर्षांनी तोडायला द्यायची! हार्लेचा पहिला अधिकृत डीलर बीजिंगमध्ये 2006 मध्ये उघडला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे हापूसच्या बदल्यात हार्लेचा सौदा झाला, लासलगावला किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून आंबे अमेरिकेला गेले, आणि आपण त्यावर विनोद केले. पण आपल्याकडे निदान गाडी घेतल्यावर ती लक्ष्मी रोडवर अडकवून ठेवायला कोणी मनाई करत नव्हतं.

मग 2008 साली चीनने दोन कोटी सत्तर लाखांहून अधिक मोटरसायकली बनवल्या, त्या कोणासाठी? बऱ्याचशा निर्यात झाल्या, बाकीच्या खेड्यापाड्यांत गेल्या. पुढच्या वर्षी सरकारने ग्रामीण कुटुंबांना मोटरसायकलवर 13 टक्के अनुदानही दिलं : शहरात बंदी आणि खेड्यात बक्षीस, एकाच देशात, एकाच वेळी. त्या बाजारपेठेचा चेहरा बघायचा असेल तर वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीआधीचा ग्वांगडोंग प्रांतातला रस्ता आठवावा. कारखान्यांत राबणारे लाखो मजूर रेल्वेचं तिकीट मिळत नाही म्हणून मोटरसायकलवरून ग्वांगशी, ग्वेझोऊ, हुनानकडे आपापल्या गावी निघायचे. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये पोर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सामान, गुडघ्यांना पुठ्ठा बांधलेला, थंडीत शेकडो किलोमीटर. वर्तमानपत्रं त्यांना ‘लोखंडी घोड्यांची फौज’ म्हणायची. रस्त्यात पोलिस आणि स्वयंसेवक त्यांना गरम पाणी, पेज द्यायचे. माझ्या डोळ्यांपुढे वारीच येते, फक्त विठोबाच्या जागी म्हातारी आई. 2014च्या अखेरीस ग्वियांग-ग्वांगझोऊ वेगवान रेल्वे सुरू झाली, फौज विरळ होत गेली. पण तिच्या भरात त्या ताफ्यात कोणत्या गाड्या होत्या? सव्वाशे-दीडशे सीसीच्या, छोंगछिंगमध्ये किंवा ग्वांगडोंगमध्येच जोडलेल्या. मिलवॉकीच्या हार्लेकडे, बोलोन्याच्या डुकाटीकडे किंवा म्युनिकच्या बीएमडब्ल्यूकडे या माणसासाठी एकही गाडी नव्हती, आणि बनवायची इच्छाही नव्हती. जो गिऱ्हाईक तुम्ही कधी गिऱ्हाईक मानलाच नाही, तो हातचा गेला असं म्हणायचा हक्क तुम्हाला कसा पोचतो?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते कमकुवत नाहीत. परदेशी कंपनीला चीनमध्ये गाडी बनवायची तर चिनी भागीदाराचा वाटा निम्म्याहून कमी असता कामा नये, असं 2004च्या वाहनधोरणात लिहिलेलंच होतं. बाहेरून आणायची तर जबर आयात शुल्क. वर 250 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनावर दहा टक्के उपभोग कर. 250च्या आतल्या गाड्यांवरचा तोच कर 2014च्या डिसेंबरपासून रद्द. मोठं इंजिन म्हणजे बहुतांशी परदेशी, लहान म्हणजे बहुतांशी देशी, हे धोरण आखणाऱ्यांना माहीत नसेल? आणि नक्कल तर इतकी उघड होती की होंडाच्या गाड्यांच्या हुबेहूब प्रती होंडासारखंच नाव लावून विकल्या जात. हे सगळं खरं आहे. मैदान सपाट नव्हतं, पंच यजमानांचाच होता, हे मान्य करूनच पुढे बोलू.

पण मग त्याच मैदानावर होंडा कशी टिकली? वुयांग या चिनी कंपनीबरोबरचा ग्वांगझोऊचा कारखाना 1992 पासून चालू आहे. नक्कल करणाऱ्यांत हैनानची सुंडिरो आघाडीवर होती. होंडाने 2001 मध्ये तिच्याशीच निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी काढली. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली दिली, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. होंडाचा हिशेब वेगळा होता. जो आपल्या गाडीची नक्कल निम्म्या किमतीत करू शकतो, त्याला स्वस्त सुटे भाग कुठून मिळतात हे आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायला हवं. याचं फळ चीनबाहेर मिळालं. 2000च्या सुमारास व्हिएतनाममध्ये स्वस्त चिनी गाड्यांचा पूर आला आणि होंडाचा धंदा खालपर्यंत घसरला. 2002 मध्ये होंडाने चीनमधून आणलेले भाग वापरून स्वस्त ‘वेव्ह अल्फा’ काढली, आणि चिनी गाड्या तिथून जशा आल्या तशा ओसरल्या. नियम तेच, नकलाही त्याच. फरक एवढाच की होंडाला लहान गाडी बनवण्यात कमीपणा वाटत नव्हता.

नकलेबद्दलचा सात्त्विक संताप तर मला फार काळ ऐकवत नाही. मोटरसायकलचा इतिहास हा कागदावर कागद ठेवून गिरवण्याचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या ‘आरटी 125’ या गाडीचे आराखडे विजेत्यांच्या हाती आले. ब्रिटिशांनी त्यावरून बीएसए बँटम काढली. रशियनांनी आपली काढली. जपानच्या यामाहाने 1955 मध्ये जी आपली पहिली मोटरसायकल बनवली, ती त्याच गाडीवरून. आणि 1948च्या मॉडेलमध्ये सव्वाशे सीसीची तीच जर्मन गाडी स्वतःचं नाव लावून कोणी आणली असेल? हार्ले-डेव्हिडसनने! चीनची स्वतःची दंतकथा झालेली ‘चांगजियांग 750’ ही साइडकारवाली गाडी सोव्हिएत ‘एम-72’वरून आली, आणि एम-72 बीएमडब्ल्यूच्या 1938च्या ‘आर 71’वरून. म्हणजे बीएमडब्ल्यूची गाडी चीनमध्ये 1950च्या दशकातच पोचली होती, बीएमडब्ल्यूला एक पैसा न मिळता. नक्कल अयोग्य नाही असं मला म्हणायचं नाही. पण नकलेने ज्याचं दुकान बुडतं, त्याच्या दुकानात नकलेपलीकडचं काही उरलेलं नसतं. होंडाची नक्कल सर्वांत जास्त झाली, आणि होंडा अजून उभी आहे.

या साऱ्याला दीडशे वर्षांपूर्वीचा एक तंतोतंत दाखला आहे, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. 1842च्या नानजिंग तहाने चीनची बंदरं उघडली तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. एवढी माणसं, प्रत्येकाने अंगरखा बोटभर लांब केला तरी आपल्या गिरण्या रात्रंदिवस चालतील, हा त्यांचा लाडका हिशेब. कापड खपेना. का? 1852 मध्ये मिचेल नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने हाँगकाँगहून कळवलं की चिनी शेतकरी रिकाम्या हंगामात स्वतःचं जाड, टिकाऊ कापड घरीच विणतो. तुमचं तलम कापड त्याच्या काय कामाचं? मँचेस्टरला तयार माल विकायचा होता. मुंबईच्या गिरण्यांनी पुढे वेगळा मार्ग धरला. त्यांनी कापड नाही, जाडंभरडं सूत पाठवलं. चिनी विणकराच्या हातमागाला ते सोयीचं पडलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या सुताचं मोठं गिऱ्हाईक चीन होता. विणकराशी स्पर्धा करण्याऐवजी मुंबई त्याची पुरवठादार झाली. अर्थात हे सुख टिकलं नाही. जपानी गिरण्या आल्या, मग चीनच्या स्वतःच्या गिरण्या आल्या, आणि गिरणगावाच्या हातून ते गिऱ्हाईक निसटलं. मुंबईला ‘विश्वासघात झाला’ असं ओरडायला कोणी सांगितलं नव्हतं. धंद्याची ती वीस-तीस वर्षं होती, ती झाली.

बीएमडब्ल्यूने आणि केटीएमने चीनमध्ये जे केलं ते मुंबईच्या सुताच्या जातीचं आहे. बीएमडब्ल्यूची मधल्या आकाराची इंजिनं आणि ‘सी 400’ स्कूटर छोंगछिंगच्या लोन्सिनने बनवली. केटीएमने हांगझोऊच्या सीएफमोटोशी आधी करार केला, मग संयुक्त कंपनी काढली. ‘790’ तिकडे बनू लागली आणि तिचंच इंजिन सीएफमोटोच्या ‘800 एमटी’त गेलं. इथे आपले वादपटू टाळ्या पिटतात : बघा, विद्या दिली! दिली, खरंच दिली. लोन्सिन आज ‘व्होज’ या नावाने स्वतःच्या मोठ्या गाड्या विकते, आणि सीएफमोटो युरोपात केटीएमच्याच गिऱ्हाइकाला बोलावते. पण न देता काय मिळालं असतं? बीएमडब्ल्यू आणि केटीएम या दोघींना स्वस्तात मधल्या आकाराची गाडी हवी होती, आणि ती त्यांना वर्षानुवर्षं मिळाली. केटीएमने हेच आपल्या चाकणमध्ये केलं. बजाजने 2007 मध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, लहान ड्यूक चाकणला बनू लागल्या. तेव्हा ‘ऑस्ट्रियाने विद्या फुकट दिली’ असं पुण्यात कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. आपण शिकलो की ते कर्तृत्व, आणि चिनी शिकला की ती चोरी? केटीएम 2024 मध्ये अडचणीत आली तेव्हा तिच्या गोदामांत अडीच लाखांहून अधिक न विकलेल्या गाड्या साचल्या होत्या. हे दुखणं मागणीपेक्षा जास्त बनवण्याचं आणि कर्जाचं होतं. हांगझोऊवर ते ढकलता येत नाही.

मग परदेशी कंपन्यांचं चीनमध्ये काहीच चुकलं नाही का? चुकलं, पण ते तंत्रज्ञानात नाही, नावात चुकलं. मधल्या काळात चीनमध्ये एक नवा गिऱ्हाईक जन्मला : तिशीतला, पगारदार, मोटार असलेला, सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे जायला मोटरसायकल हवी असलेला. रोजच्या कामाला त्याला ती नको, ते काम इलेक्ट्रिक दुचाकीने केव्हाच उचललं आहे. त्या तिथे तीस कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींची गणना सायकलीसारखी होते, लायसन्स लागत नाही. म्हणजे पेट्रोलची गाडी ही आता निव्वळ हौस. आणि हौसेला मोल नसतं, पण नाव लागतं. हाच तो क्षण होता जेव्हा डुकाटी, हार्ले, ट्रायम्फ यांची खरी पुंजी कामाला यायला हवी होती. डुकाटीने थोडी वापरलीही. 2021 मध्ये तिच्या जगभरच्या सुमारे साठ हजार गाड्यांपैकी पाच हजारांच्या आत-बाहेर चीनमध्ये गेल्या. तिच्यासाठी हा आकडा मोठा, चीनसाठी किरकोळ. पण तिशीतल्या त्या माणसाला पहिली गाडी लागते ती तीनशे ते पाचशे सीसीची, खिशाला झेपणारी. ती पायरी परदेशी कंपन्यांनी रिकामी सोडली, किंवा त्याहून वाईट म्हणजे भाड्याने दिली.

बेनेली पाहा. इटलीची शतकभर जुनी कंपनी 2005 मध्ये वेनलिंगच्या चियानजियांगने विकत घेतली, आणि चिनी बनावटीची ‘टीआरके 502’ पुढे खुद्द इटलीत सलग तीन वर्षं सर्वाधिक खपाची मोटरसायकल ठरली. चिनी गिऱ्हाईक राष्ट्रवादी झाला म्हणून परदेशी नाव नाकारतो, असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. त्याला परदेशी नाव इतकं आवडतं की त्याच्या कंपन्यांनी ते विकत घेतलं. सीएफमोटोने तर ते उलट्या बाजूने केलं. 2024 मध्ये डेव्हिड आलोन्सो हा शर्यतपटू मोटो3 या लहान इंजिनांच्या जागतिक शर्यतमालिकेचा विश्वविजेता झाला, तो सीएफमोटोच्या रंगातल्या गाडीवर. गाडी आतून केटीएमची. शर्यत जिंकली ऑस्ट्रियाच्या इंजिनाने, आणि टाकीवर नाव होतं हांगझोऊचं. इतकी वर्षं चिनी कारखाने परक्या नावाच्या गाड्या बनवत होते. आता परका कारखाना चिनी नावाची गाडी बनवून देत होता, आणि दोन्ही वेळा नफ्याचं गणित मांडणारी माणसं जवळपास तीच होती.

राहिली हार्ले. तिच्यावर हसणं सोपं आहे, म्हणून मी जरा सावध आहे. तिने 2019 मध्ये याच चियानजियांगशी करार जाहीर केला, आणि 2023 मध्ये चीनमध्ये ‘एक्स 350’ आणली : 353 सीसी, दोन सिलिंडर, दिसायला हार्ले, हाडामासाने बेनेलीची चुलत बहीण. त्याच वर्षी भारतात हीरोबरोबर ‘एक्स 440’ आली, ती राजस्थानात नीमराण्याला बनते. दोन्ही देशांत हार्लेने एकच धडा एकाच वर्षी गिरवला, आणि दोन्हीकडे पंधरा वर्षं उशिरा. कट्टर हार्लेवाले म्हणतात, ही हार्ले नाहीच. त्यांचं बरोबर असेल. पण त्यांना 1948ची ती जर्मन सव्वाशे सीसीही हार्ले वाटली नसती. ‘एक्स 350’ची आणखी एक शाखा अमेरिकेतही गेली. तिथे ती शोरूममध्ये विकायला नाही ठेवली. हार्लेच्या स्वतःच्या रायडिंग अकॅडमीत, क्लच केव्हा सोडायचा हेही ज्याला अजून कळत नाही अशा नवशिक्या अमेरिकन माणसाला पहिल्या दिवशी चालवायला देतात, ती वेनलिंगची गाडी.